आतल्या चुलीपाशी

॥ श्री ॥
दूधविनायक, काशी
२ डिसेंबर २०२४

ती. इरावतीआत्यास,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोलले की भांडते आहे असं तुझ्या रत्नाकरदादाला वाटतं; म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? पुण्याची हवा मानवली का?

एक मागणं आहे. मी शिकवते त्या सरकारी शाळेने यंदा ठरवलं आहे की अकरावीच्या मुलींनी दर शनिवारी आसपासच्या एखाद्या धंद्यात काम शिकायचं आणि वर्षअखेर मालकाने अभिप्राय द्यायचा. शिंपी तयार झाला, छापखाना झाला, लॉजवाल्यानेही दोघी घेतल्या. उरली इंदू निषाद, दुर्गाघाटच्या नाववाल्याची मुलगी. तिला हॉटेलात आचारी व्हायचं आहे. बाप म्हणतो, हाताला काही लागत असेल तर शिक, नाहीतर गर्मीत लग्न उरकतो. तुझ्या रामघाटच्या खानावळीइतकं चांगलं ती कुठे शिकणार? चालवतो ऋतुराज, पण चूल तुझी. तू हो म्हणालीस तरच घेईन म्हणतो. माझा हा भाऊ बायकोला भीत नसेल इतका तुला भितो!

लोभ आहेच, हे वाचून तो आटू देऊ नकोस.
तुझी पद्मा

पुणे, ९ डिसेंबर

चि. पद्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. सूनबाई चहात साखर कमी घालते, बाकी तक्रार नाही.

मुलीला येऊ दे. बाहेरच्या खोलीत निवडणं-टिपणं, डबे भरणं शिकेल. आतल्या चुलीचं मात्र वेगळं. तिथे श्राद्धाचा स्वयंपाक होतो, आणि दुरून आलेले यजमान त्या सोवळ्याच्या भरवशावर आपल्या आईबापांचं पान आपल्याकडे मांडतात. गंगेत बुडी मारून ओलेत्याने आल्याखेरीज तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही, असं सांग तिला. एवढं ऐकलं की पोर आपणच मागे सरेल. तुला वाईटपणा नको, मला नको.

मुलांना गोड पापा. थंडीत कान बांधत जा.
इरावतीआत्या

दूधविनायक, काशी
२२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझा निरोप मी इंदूला जसाच्या तसा सांगितला. ती मागे सरली नाही. काल पहाटे घाटावर हात पुढे केला तर दिसू नये असा कोहरा होता. त्यात तिने गंगेत बुडी मारली आणि शाळेच्या ओल्या सलवार-कुडत्यात तुझ्या दारात येऊन उभी राहिली. ऋतुराजची पंचाईत झाली. नाववाल्याच्या मुलीला तू मनातून आत येऊ देणार नव्हतीस हे त्याला ठाऊक, आणि तिने तर तुझा नियम पाळलेला. तो तुला फोन लावत बसला, तुला ऐकू आला नाही. मी पोचेपर्यंत ती बाहेरच कुडकुडत होती. आत का गेली नाहीस म्हटलं तर म्हणाली, भैयांनी अजून बोलावलं नाही.

आता तापाने फणफणली आहे. बाप म्हणतो, बहुत सीख लिया. मी उशाशी बसले होते, तर तिने विचारलं की कालची बुडी धरली जाईल का, की पुढच्या शनिवारी पुन्हा मारावी लागेल. आत्या, मला तिच्यासमोर रडू आलं. तुझा फार राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

रागावलेली, तरी तुझीच
पद्मा

पुणे, २८ डिसेंबर

चि. पद्मास आशीर्वाद.

पत्र वाचलं. ऋतुराजाला सांग, पोर दारात कुडकुडत असताना जो फोन लावत बसतो, त्याला मी वाढवलं असं कुणाला सांगू नकोस. सोवळं माणसाला मारायला नसतं.

बरी झाली की तिला आतच घ्या. कोरड्या कपड्यांत, वर स्वेटर, हातपाय धुऊन; बास. यजमान विचारतील. त्यांना सांगा, इरावतीबाईंनी चुलीपाशी घेतली आहे. पटत नसेल त्याने पान दुसरीकडे मांडावं. तिच्या बापाकडे ऋतुराजाने स्वतः जावं, आणि हात जोडून जावं.

बुडी धरली, म्हणावं. पुन्हा मारलीस तर येऊन कान धरीन.
आत्या

दूधविनायक, काशी
१६ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आमचा थोरला कुशल सुट्टी संपवून पुण्याला कॉलेजात परत येतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक डबा. ऋतुराज खरंच हात जोडून गेला. इंदूचा बाप आधी गांगरला, मग त्याने चहा पाजला आणि मुलीला धाडलं. एका यजमानांनी पान दुसरीकडे हलवलं. बाकीचे मुकाट जेवले आणि वरण पुन्हा मागून घेतलं.

संक्रांतीच्या गुळपोळ्या यंदा इंदूने केल्या. डब्यातल्या सगळ्या तिच्याच हातच्या आहेत, गूळ किसण्यापासून. तुझ्यापासून लपवून पाठवत नाही. ती सारखी विचारते, दादी खाएँगी न? उत्तर तूच दे. शाळेला वर्षअखेरीस मालकाचा अभिप्रायही हवा आहे; तोही तूच दे.

तिळगुळासारखी माया असू दे.
तुझी पद्मा

पुणे, २० जानेवारी

चि. पद्मास अनेक आशीर्वाद.

अभिप्राय लिहून घे. गूळ कडेपर्यंत पोचत नाही, कडा कोरड्या राहतात. तवा फार तापवते, घाई करते. जायफळ भीत भीत घातलं आहे. भिऊ नको म्हणावं. लाटणं मात्र हलकं आहे, एकही पोळी फुटलेली नाही. पुढच्या वर्षीही ही मुलगी मला चुलीपाशी हवी, असं शाळेला कळव.

हे दोष मला खाल्ल्यावर कळले. तोवर देवाला याच पोळ्यांचा नैवेद्य दाखवून झाला होता. इंदूला एवढं जरूर सांग.

तिच्यासकट तुम्हां सर्वांना आशीर्वाद.
इरावतीआत्या