सिक्सनंतर ॲपचं नाव घेणार नाही

१२ जाने., रविवार

मंडळाची मीटिंग, देवळात. क्रिकेटच्या तारखा पक्क्या. यंदा बक्षीस रमीच्या एका ॲपकडून. अट एकच: प्रत्येक सिक्सनंतर कॉमेंट्रीत ॲपचं नाव घ्यायचं, पुढं 'खेळा आणि जिंका'.

मी म्हटलं, घेणार नाही.

नाना (अध्यक्ष, शिवाय माझा चुलतभाऊ, शिवाय डोक्याला ताप): "दोन शब्द तर हायेत. जीभ झिजतीया व्हय तुझी?"

"ज्यानं दादाचा टेम्पो खाल्ला त्याचं नाव मी घेऊ?"

थोरल्या भावाचं अख्ख्या गावाला ठाऊक. कंपन्यांचा माल वाहायचा स्वतःचा टेम्पो रमीत गेला, आता लोकाच्या गाडीवर ड्रायव्हर. तरी मोबाईल सुटत नाही.

नाना: "मग माईक दुसरा कुनीतरी धरल."

मिसरूड फुटल्यापासून मुळशीतल्या मैदानांवर माझा आवाज आहे. वर्षभर पिरंगुटला कंपनीत मशीनवर उभा राहतो तो या चार दिवसांच्या जिवावर. आणि हा मला माईकची धमकी देतो! घरी आलो तरी कान तापलेले. ही म्हणाली, "आधी जेवा, मग भांडा."

१४ जाने., संक्रांत

नाना तिळगूळ घेऊन आला. "गोड बोल." म्हटलं, तिळगूळ घेतो, बाकीचं बघू.

फाट्यावर फ्लेक्स लागला. वर 'श्री भैरवनाथ प्रसन्न', खाली नोटा उधळणारा बाप्या आणि ॲपचं नाव. म्हणजे देव जुगाराला प्रसन्न! हळदीकुंकवाला निघालेल्या बायकांनी तिथंच थांबून नानाच्या नावानं शिमगा केला. गड्यानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. मी लई हसलो.

१९ जाने., रविवार

२६ च्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावला: ऑनलाइन जुगारावर सरकारनं बंदी घालावी, असा गावाचा ठराव. सरपंचबाई लगेच हो म्हणाल्या. (त्यांचा जावई पण... जाऊ दे, न लिहिलेलं बरं.)

वरच्या खोलीतला भाडेकरू चहाला आला होता. नांदेडचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर. म्हणतो, "काका, बॅन करून काही होत नाही हो. लोक दुसऱ्या लिंकवरून खेळतात. आणि ज्याचा पैसा त्याची मर्जी ना?"

म्हटलं, गतिरोधक बसवला तरी काही जण गाडी उडवतातच, म्हणून उखडून टाकायचा का? आणि मर्जी म्हणशील तर आमच्या दादाचं तोंड बघ जाऊन, त्यात कुठं मर्जी दिसते का. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, स्पर्धेचं यूट्यूबवर लाइव्ह मी करून देतो, फुकट. पोरगं गुणी आहे.

वहिनी बाहेर येऊन हळूच, "भावजी, सभेत ह्यांचं नाव नका घेऊ. लई लाज वाटती." शब्द दिला.

२६ जाने., रविवार

जिंकलो!!

नीट लिहितो. झेंडावंदन, मग सभा. कधी नव्हे ती गर्दी, बायका पुढं. नाना उठला. बोलतो बरं, ते मान्य. "दारूबंदी झाली तितं दारू थांबली का? बंदी घातली की चोरून चालतं. ज्यानं त्यानं आपली अक्कल वापरावी, सरकार काय करनार? आन् स्पर्धेचा खर्च कोन देनार?" माना डोलायला लागल्या.

मग मी. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात असून तंतरली. दादाचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर बोलायला उरलंच काय? जाहिराती, तरुण पिढी, असलं काहीतरी पुटपुटलो. मागून कुणीतरी, "दत्ता, ओव्हर संपली!" सगळे हसले. ठराव पडल्यातच जमा.

तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून दादा उठला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा न बोलणारा दादा. माईकही घेतला नाही.

"मी खेळतो. नाना म्हनतो अक्कल वापरा. अक्कल हाय मला, टेम्पोचा धंदा मीच उभा केला व्हता. रोज ठरवतो, उद्यापासनं न्हाई. पर ते खिशातच हाय, उठल्याबरुबर बोलावतं. माझ्यानं बंद होत न्हाई. सरकारला सांगा, तुमी बंद करा."

आणि खाली बसला.

पहिला हात वहिनीचा. एका हातानं डोळ्याला पदर, दुसरा वर. मग बायकांचे, मग सगळेच. शेवटी नानाचा पण! मी भर सभेत रडलो. रडलो तर रडलो. माझा भाऊ आहे तो.

२८ जाने.

फ्लेक्स नानानं स्वतः उतरवला. ॲपवाले गेले. संध्याकाळी दारात येऊन उभा.

"माईक तूच धर. पयलं बक्षीस माझा बोकड."

"कुठला, काळा?"

"व्हय, त्योच. आता जास्त बोलू नगंस."

ठरावाची प्रत पौडला तहसील कचेरीत पाठवली. तिथून वर जाईल म्हणे.

९ फेब्रु., रविवार

फायनल! घोटावडे वि. सूस. सूसची टीम म्हणजे सोसायट्यांतले नोकरदार, कुणी लातूरचा, कुणी जळगावचा, सगळे कारनं आलेले. शेवटच्या बॉलला चार हव्यात आणि त्यांच्या चष्मेवाल्यानं असा हाणला, असा हाणला... "गेलाऽऽ, ओढ्यापल्याड गेलाऽऽ, बोकड सूसला गेला!" आवाज पार बसला. प्रत्येक सिक्सला मी 'भैरोबाच्या नावानं' आणि सगळं मैदान 'चांगभलं'. ॲपच्या बापाला जमायचं नाही असलं.

पण बोकड न्यायचा कसा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं! शेवटी मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसवला. काच खाली, बोकडाचं तोंड बाहेर, निघाली स्वारी. नाना म्हणाला, "कापू नका रं त्याला." लई दिवसांनी नाना आवडला.

चारही दिवस दादा स्कोअर लिहायला बसला. मोबाईल सभेपासून वहिनीकडे आहे. एक रनही चुकला नाही.

२३ फेब्रु., रविवार

पलीकडच्या गावानं आपल्या ठरावाची नक्कल मागितली. छाती काढून स्वतः देऊन आलो. चहा, भेळ, सत्कारच म्हणायचा.

परत आलो तर दादा गोठ्यात. न विचारताच म्हणाला, "काल पिरंगुटला एका ड्रायव्हरच्या मोबाईलवर खेळलो." मी त्याच्याबरोबर वैरण टाकू लागलो.

मग त्यानंच विचारलं, "सरकारचं काय आलं का?"

"एवढ्यात कुठलं. बघतील, मग कळवतील."

"लवकर करा म्हनावं."

उद्या सुट्टी टाकली. पौडला जाऊन विचारतो कागद कुठं अडकलाय. दादा म्हणाला, "मी बी येतो. मीच विचारतो."