शनिवारचा खेळ

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजही कोणी आलं नाही!

म्हणजे आमचे आम्ही होतोच. आमची चार लेकरं, त्यांच्या चार आया आणि शोभाताई. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती आमच्या लेआउटमधली, आसपासच्या घरांतली बाकीची पोरं मात्र कुंपणाला टेकून बघत राहिली. आत कोणी पाऊल टाकलं नाही.

शोभाताई विशेष मुलांच्या शाळेतून रिटायर झाल्या. त्या म्हणतात, या मुलांना डॉक्टर मिळाले, थेरपी मिळाली, शाळाही मिळाली. सवंगडी कुठे मिळाले? म्हणून दर शनिवारी संध्याकाळी लेआउटच्या बागेत खेळ — आमची मुलं आणि सगळी मुलं, एकत्र. कोणाकोणाच्या मागे लागून त्यांनी एक वेगळा झोपाळाही बसवून घेतला. उंच पाठीचा, छातीला पट्टा असलेला. भूमिकाला त्यात बसवता येतं.

नऊ वर्षांची आहे माझी भूमिका. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. पाय भार घेत नाहीत, म्हणून चाकांची खुर्ची. डावी मूठ उघडत नाही. शब्द लांबत लांबत, लाळेतून येतात. समजतं मात्र सगळं. सगळं! तेच तर वाईट.

घरी येताना तिनं विचारलं, "आई, ते काहून आत येत नाही?"

म्हटलं, त्यांना गृहपाठ असतो.

"बाहेर उभं राहाचा गृहपाठ?"



रविवार, ९ नोव्हेंबर

दुर्गेशनं आज परत तो विषय काढला. वर्ध्याच्या पुढे कुठेतरी एक संस्था आहे म्हणे. तिथंच राहायचं, तिथंच सगळं. कंपनीतल्या एकानं पुतण्याला ठेवलंय.

बुटीबोरीहून रात्रपाळी करून आला होता. तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी भूमिकाला आंघोळीला उचललं आणि कमरेत चमक भरली. तिला छातीशी धरूनच भिंतीला टेकला. पडले असते दोघंही!

"आज मी उचलून राहिलो, प्रणाली. उद्या? आपण म्हातारे झालो म्हणजे कोण उचलणार तिले?"

विषय बंद, म्हटलं मी.

तो वाईट माणूस नाही. तिच्या दोन वेण्या तोच घालतो, माझ्याहून चांगल्या. म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तिनं घास थुंकला. परत थुंकला. मी ताट आपटलं. ती दचकली, सगळं अंग ताठ झालं. मग मी रडले, आणि तिनं उजव्या हातानं माझाच गाल पुसला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आले! आज आले!

कोपऱ्यावरच्या घरातली पिंकी सगळ्यांना घेऊन आली. भूमिकाच्याच वयाची. गल्लीतला प्रत्येक खेळ हिच्या हुकमावर चालतो, आवाज आमच्या गच्चीपर्यंत येतो. आज मात्र अगदी हळू बोलली — "काकू, आईनं सांगितलं, हिच्यासोबत चांगलं वागाचं. आम्ही खेळू का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग गोल करून बसले. चेंडू भूमिकाच्या मांडीत टाकला नाही कोणी — आणून ठेवला. देवापुढे नारळ ठेवतात तसा. मी मागून तिचा हात धरला, चेंडू परत लोटला. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

परत ठेवला. परत लोटला. परत टाळ्या.

पहिल्यांदा हसली ती. नंतर हसणं गेलं. मग मान फिरवून म्हणाली, "घरी." पोरांनी सुटका झाल्यासारखा पळ काढला. दोन मिनिटांत कुंपणापलीकडे पिंकीचा खरा आवाज सुरू — भांडण, आरडाओरडा, खेळ!

शोभाताई म्हणाल्या, "तू खुर्ची सोडत काहून नाही वं? तू मागं उभी राहते तर पोट्टे तुझ्याकडे पाहून खेळतात. तिच्याकडे कोणी पाहतच नाही."

मी सोडू? लाळ कोण पुसणार? मान कलली तर? ताईंचं काय जातं बोलायला! त्यांची लेकरं आपापल्या पायांवर पुण्याला गेली नोकरीला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आमच्या चौघींतल्या अस्मिताचा विहंग आठ वर्षांचा. बोलत नाही, आणि गोंगाट वाढला की कानावर हात दाबून धरतो. आज तो घसरगुंडीच्या शिडीवर होता. कोणीतरी अगदी त्याच्या कानाशी शिट्टी फुंकली. तो किंचाळला आणि त्यानं पुढच्या पोराला ढकललं. पाच वर्षांचं लेकरू. खाली दगडावर कपाळ आपटलं. रक्तच रक्त.

त्याची आई धावत आली. तिचं ओरडणं अजून कानात आहे — "असे पोट्टे मोकळे काहून सोडता? घरी बांधून ठेवा ना!"

अस्मिता मातीत बसली होती. विहंगला मिठीत घट्ट धरून. तो तिच्या खांद्याला चावत होता आणि ती चावू देत होती. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

मीही नाही गेले. भूमिकाची खुर्ची वळवली आणि निघाले. शोभाताई त्या जखमी लेकराला घेऊन दवाखान्यात. मी घरी. कडी लावली.

भूमिका म्हणत होती, "विहंग... रडते." गप्प बस, म्हटलं मी तिला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

शनिवारचा खेळ बंद. फक्त आमचा नाही — सकाळी चालणारे येऊन गेले की बागेच्या फाटकाला कुलूप. म्हणजे आता कोणीच खेळायचं नाही.

लेआउटच्या समितीचे अध्यक्ष संजीवभाऊ फाटकाशीच भेटले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, आम्हाले आनंद होऊन राहिला का? पण उद्या अजून काही झालं त जबाबदारी कोणाची? लोकं मले बोलून राहिले."

किती दिवस, विचारलं.

"पाहू."

इतकं गोड बोलले! शिवी दिली असती तर मलाही देता आली असती.

झोपाळाही काढला. नुसते हुक लोंबताहेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अस्मिताला फोन केला. उचलला नाही. मी असते तर मीही नसता उचलला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

रामदासपेठेत डॉक्टरांकडे. खुब्याचा सांधा सरकतोय म्हणे. वजन वाढणार, अजून सरकणार. कदाचित ऑपरेशन. हे सगळं झाल्यावर विचारतात — "आसपास खेळायला मुलं आहेत ना? तेही औषधच आहे बरं का."

मला हसू आलं. थांबेचना! डॉक्टर बघत राहिल्या.

परत येताना ऑटोत भूमिका माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गरम श्वास, उघडं तोंड. तिच्याकडे बघता बघता मनात आलं — माझ्या आधी ही गेली तर बरं.

लिहून टाकते. दुसरं कोणाला सांगू? ज्या तोंडानं तिला राणी म्हणते, त्याच तोंडाची बाई हे मनात आणते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दुर्गेशला हो म्हटलं.

वाटलं होतं सुटल्यासारखा दिसेल. नाही. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसला. म्हणाला, "खरंच?" म्हटलं, खरंच. इथं काय आहे तिला? चार भिंती आणि माझं तोंड. तिथं निदान तिच्यासारखी असतील.

सोमवारी, आठ तारखेला सकाळी निघायचं. गाडी सांगून ठेवली.

मंगळवार, २ डिसेंबर

तिला सांगितलं.

उजव्या हातानं माझी बाही धरली. मग — "तिथं पोट्टे आहेत?"

खूप.

"खेळतात?"

हो, म्हटलं. मला काय माहीत खेळतात की नाही! मी विचारलंच नाही त्यांना. जेवण विचारलं, औषधं विचारली, खेळ विचारलाच नाही.

"तू?"

मी येईन ना भेटायला.

तिनं डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती. मिटून घेतले.

बुधवार, ३ डिसेंबर

आज जागतिक दिव्यांग दिन. चौकात फ्लेक्स लागलाय, हसऱ्या मुलांचा. बागेच्या कुलपापासून दिसतो.

दुपारी शोभाताई आल्या. वाटलं, आता भाषण देणार. नाही दिलं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सोमवारी पोरगी जाऊन राहिली ना? मग तोवर संध्याकाळची मले दे."

बाग बंद झाल्यापासून सगळी पोरं आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर खेळतात. तिथं नेणार म्हणे.

"ताई, लाळ —"

"रुमाल आहे माझ्याकडे."

"पडली तर?"

"उचलीन. अन् तू येऊ नको. तू झोप वं बापा, तोंड पाह्य आरशात."

विश्वास नव्हता म्हणून नाही म्हणायचं होतं. पण भांडायची ताकद कुठे होती? खुर्चीचे दांडे त्यांच्या हातात दिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या हातात. मग झोपले. मेल्यासारखी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

केसांत माती! गुडघा सोललेला, फ्रॉकभर कुसळं!

"पडली?"

"पडली," शोभाताई म्हणाल्या. "चाक खड्ड्यात गेलं. पोट्ट्यांनीच उचलली."

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. माझ्या लेकीवर प्रयोग करता का, असंही बोलले. ताईंनी ऐकून घेतलं, रुमाल घडी करून माझ्या हातात दिला आणि गेल्या. उद्यापासून नेणं बंद, म्हटलं मागून.

भूमिका माझ्याशी बोलली नाही. जेवली मात्र सगळं. पालकाच्या भाजीसकट.

शनिवार, ६ डिसेंबर

दिवसभर तिच्या फ्रॉकवर नाव टाकत होते, लाल दोऱ्यानं. तिथं कपडे एकत्र धुतात, म्हणून. भू, मि, का. भू, मि, का. सुई बोटात गेली तरी कळलं नाही.

संस्थेतून फोन — केस बारीक करून आणा, निगा ठेवायला सोपं जातं. दुर्गेशला सांगितलं. कात्री घेऊन तिच्या मागे बसला. वेण्या सोडल्या. केस विंचरले. वेण्या परत घातल्या. "उद्या कापतो," म्हणाला आणि उठून आपली मोटरसायकल पुसायला गेला. काल तर पुसली होती!

पाचला भूमिकानं अंग हलवून हलवून खुर्ची दारापर्यंत नेली. कशी नेली देव जाणे. डोकं दारावर आपटायला लागली. बाहेरून पोरांचा आवाज येत होता.

शोभाताईंना फोन केला. घेऊन जा, म्हटलं. माफी मागायचं राहून गेलं.

रविवार, ७ डिसेंबर

संध्याकाळी दार धाडधाड वाजलं. पिंकी! घामाघूम. मागून शोभाताई भूमिकाला घेऊन येतच होत्या, पण ही त्यांच्या आधी पोचलेली.

"काकू, तुमच्या भूमिकाले समजवून ठेवा! चीटिंग करते! राज्य तिच्यावर आलं की डोळे मिटतच नाही, बोटांच्या फटीतून पाहते. आम्ही लपाच्या आधीच सारे आउट! अन् मी बोलली त मले माकड म्हणते. तिले वाटते मले समजत नाही. मले सारं समजते ती काय बोलते ते!"

खुर्चीतून, लांबत लांबत — "तू... माकड!"

"पाहा! पाहा!"

माझ्या लेकीची तक्रार घेऊन आजवर कोणी दारात आलं नव्हतं. काय करतात अशा वेळी आया? रागावतात ना? मी रागावले. चांगली मोठ्यानं. चीटिंग करायची नाही, सांगितलं. भूमिकानं माझ्याकडे बघितलंही नाही. ती पिंकीकडे बघत होती.

"उद्या पण राज्य तिच्यावरच," पिंकी पायरी उतरता उतरता ओरडली. "पाच वाजता! पळाचं नाही, सांगून ठेवते!"

दुर्गेश केव्हा येऊन माझ्या मागे उभा राहिला होता कोण जाणे. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला —

"येते ती. पाच वाजता."