आवाज खुलला म्हणे

उमरखेड, मंगळवार, दिवेलागण

आवाज खुलला म्हणे! दिवाळीत ह्यांनी मला न विचारता जुना अँप्लिफायर एक्सचेंजमध्ये देऊन नवा आणला. बाबा गेल्यावर माझ्याकडे उरली ती त्यांच्या खंजिरी भजनाची एकच कॅसेट. ती नव्यावर लावली, तर बाबांचा प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा टोचला. मी रडले, तर हे म्हणाले, “नवी मशीन हाय, रोज वाजू दे. वापरून वापरून आवाज खुलते.” दुकानदारानं पढवलेलं, दुसरं काय!

मीही वेडी. रोज सांजेला लावत राहिले. आणि खरंच, हळूहळू तो ‘स’ टोचेनासा झाला. काल चहा देताना मी म्हटलंसुद्धा, “सुधारला बरं का.” केवढे खूश झाले!

आज बोरी अरबहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. तिनं ही मशीन कधी ऐकलेली नाही. मोठ्या हौसेनं तिला कॅसेट लावून दिली. दोन ओळींतच तिनं कानांवर हात ठेवले. “बंद कर वो माय! दादा काहून असा किंचाळून राह्यला?”

मला तर गोड लागत होता.

म्हणजे मशीन होती तशीच आहे, बिघडले ते माझे कान. मग बाबांचा खरा ‘स’ कसा होता? मघापासून आठवून पाहतेय. डोळे मिटले की हीच मशीन गाते.

आत हे आत्याला समजावताहेत, “चार दिवस राहा आत्याबाई, तुमाले बी गोड लागन.”