बन्नीपर्यंत, काठीविना

८ सप्टेंबर
कानाच्या आत काही बिघडलंय म्हणून तोल जातो. बाकी ठणठणीत. फिजिओथेरपिस्ट पूजितानं टीव्हीला जोडायचा एक पाट दिलाय. त्यावर आपण झुकलो की पडद्यावरचा माणूस दोरावरून चालतो. सुरुवातीला पाट वजन सांगतो. माझं ७४. माणूस सात वेळा पडला. त्याला सवय नसावी.

विजयादशमीला घराण्याची तलवार घेऊन बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडापर्यंत मीच चालणार. पणजोबा मैसूरच्या घोडदळात होते. थोरल्याच्या हातात काठी आली की तलवार धाकट्याकडे जाते. धाकटा भाऊ सयाजीराव टपलेलाच आहे.

९ सप्टेंबर
माणूस पुन्हा पडला. हॉलमध्ये कोंदट होतं. उद्यापासून पाट खिडकीपाशी.

१० सप्टेंबर
खिडकीच्या गजांना नुसता हात लावला. माणूस दोर पार! वजन ६१. वनजाला सांगितलं, दोन दिवसांत तेरा किलो. ती म्हणाली, विजार तर तितकीच घट्ट आहे. बायकोला प्रगती बघवत नाही.

१६ सप्टेंबर, सायंकाळी
वजन ५२. दोन्ही हात गजांवर, वाऱ्यासाठी. इथे मैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला परदेशातून लोक येतात. त्यांनी इकडे यावं.

सयाजीरावांचा फोन. तब्येत विचारली, डोळा तलवारीवर. एका पायावर उभा राहून बोलतोय, असं सांगितलं. बसलो होतो.

२९ सप्टेंबर
पूजिता घरी आली. वजनांचा आलेख बघितला, मग खिडकी बघितली.

"अंकल, उरलेलं वजन खिडकीवर आहे," म्हणाली.

मला हॉलच्या मधोमध पाटावर उभं केलं. वजन ७४. माणूस तीन पावलांत खाली. रस्त्याला गज नसतात.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. वनजानं तलवारीला कुंकू लावलं, पाटाला लावलं, कोपऱ्यातल्या काठीलाही लावलं. काठीचं मी पुसून टाकलं.

२ ऑक्टोबर, विजयादशमी
उजव्या हातात तलवार, डाव्या हाताखाली वनजाचा खांदा. काठी नाही, म्हणजे रीत मोडली नाही. सयाजीराव बघत राहिले. वाटेत तिला म्हटलं, जरा बाजूला हो, लोक बघतायत.

"सुम्मने, गुपचूप चला हो," ती म्हणाली. "पडलात तर दोघं पडू."

झाडापर्यंत पोहोचलो.

घरी आल्यावर ती खांदा चोळत बसली. मी पाटावर उभा राहिलो. ७४. रस्त्यात त्यातलं माझ्या पायांवर किती होतं, तिला विचारलं नाही. मलम मात्र मीच लावलं.