पंख्यावरची जाळी

१० जानेवारी २००५, सोमवार

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. बाबांच्या ओठांवर शब्द आला होता. 'खु... खु...' आणि स्क्रीन काळी. 'खुर्ची' अर्धीच राहिली. बाबांनी डाव्या हाताने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आता आज परत बसणार नाहीत.

सासूबाई गेल्यावर शार्दूलने आपल्या वडिलांना पुण्याहून इथे कॉव्हेंट्रीला आणलं, आणि दिवाळीच्या आधी स्ट्रोक. सगळं कळतं त्यांना. पण बोलायला गेले की एकच शब्द निघतो — हो. चहा हवा? हो. नको का? हो. स्पीच थेरपिस्ट हेलन चांगली आहे, पण तिला मराठी कुठून येणार! म्हणून घरातल्या वस्तूंचे फोटो काढून, प्रत्येकावर माझ्या आवाजात शब्द घातले. बाबांनी ऐकायचं, मग म्हणायचं. आणि हे यंत्र दर वेळी मधेच मान टाकतं.

११ जानेवारी

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत धूळ नव्हे, गादीतला कापूस! पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर. कार्पेटवरच ठेवलाय तो, आणि शेजारीच बाबांचा पलंग. रोज त्यांच्या पाठीला पावडर लावते ती सगळी इथे जात होती. ब्रशने साफ केलं. खोकून बेजार.

१५ जानेवारी, शनिवार

शार्दूल काल रात्री लंडनमधल्या ईलिंगहून आला. आठवडाभर तिकडे कामावर, शनिवारी इथे झोपून. उठल्यावर बाबांच्या दारात उभं राहून मोठ्याने, 'काय बाबा, मजेत ना?' बाबा म्हणाले, हो. झालं त्याचं समाधान.

कॉम्प्युटरचं सांगितलं. 'नवा घेऊ या ना,' म्हणाला. नवाही याच खोलीत राहणार, हीच पावडर खाणार. पण भांडायला अंगात जोर लागतो.

१८ जानेवारी

आत धूळ जाऊच नये म्हणून थंडीत पायात घालायचे माझे जुने पातळ टाइट्स कापून पुढच्या आणि मागच्या पंख्यावर ताणून बसवले. दुहेरी. बाबांनी टॉर्च धरला. किती दिवसांनी त्यांना काही काम मिळालं!

चालू केला. आधीपेक्षा लवकर बंद पडला.

शार्दूलला फोन केला. 'मागच्याला कशाला लावलंस? तो हवा बाहेर टाकतो. धूळ येते ती पुढून. आणि दुहेरी कापडातून हवा यायची कशी?' बरोबर होतं त्याचं. पण असा सुस्कारा सोडला की फोन ठेवून मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

१९ जानेवारी

काही नाही. धुणं, मऊ भात, फिजिओथेरपी, परत धुणं.

२१ जानेवारी

दुकानातून पंख्याची जाळी आणली. प्लॅस्टिकची चौकट, आत पातळ फोम. पुढच्या पंख्यावर चार स्क्रूंनी बसते. मागचं कापड काढून टाकलं, कॉम्प्युटर कार्पेटवरून उचलून स्टुलावर ठेवला. बाबांनी स्क्रू तळहातावर धरले होते, मागितला की एकेक पुढे करत होते.

दुपारभर चालला. बंद पडला नाही! बाबांनी 'खुर्ची' म्हटलं. 'खुच्ची' म्हटलं खरं तर. मी पलंगावर बसून रडले. थकव्यानेच असेल.

३ फेब्रुवारी

जाळी धुतली. फोमवर पावडरीचा पांढरा थर होता, आत पंखा स्वच्छ. आठवड्यात एवढं एकच काम असं होतं की केल्यावर केलेलं दिसतं.

बाबांचे शब्द वाढताहेत. कप. चष्मा. दार. काल खिडकीतून बघत स्वतःहून म्हणाले, 'अंधार.' संध्याकाळचे पाचच वाजले होते.

बँकेतून मॅनेजरचा फोन. बिनपगारी रजा किती वाढवायची आहे? कळवते म्हटलं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

शार्दूलने दारातून नेहमीसारखं विचारलं, 'काय बाबा, मजेत ना?'

'नाही,' बाबा म्हणाले.

स्ट्रोकनंतर हा शब्द पहिल्यांदाच. माझ्या यादीत नव्हता तो, मी कधी शिकवलाच नव्हता. शार्दूल हसला, त्याला वाटलं चुकून आला. बाबांनी डावा हात पलंगावर आपटला. 'नाही. घरी. पुणं. घरी.'

'बाबा, तिथे तुमच्याकडे कोण बघणार?'

'नीना.' शार्दूलची पुण्यातली बहीण.

शार्दूलने माझ्याकडे बघितलं, जणू मीच हे शब्द कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. मी बाहेर बागेत जाऊन उभी राहिले. राग आला, खोटं कशाला लिहू! इतके महिने भरवलं, धुतलं, पुसलं, वाचा यावी म्हणून धडपडले, आणि वाचा आल्यावर काय, तर इथे नको. थंडीने बोटं बधिर झाली तेव्हा आत आले. बाबा रडत होते. मी जवळ बसले तर म्हणाले, 'तू. छान.' मग पुन्हा, 'घरी.'

मला काय हवंय, हे मलाही कुणी इतक्या महिन्यांत विचारलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

नीनाताईंशी बोलले. भावासारख्या त्या गोल गोल बोलत नाहीत. म्हणाल्या, 'अगं, मी तेव्हाच म्हटलं होतं शार्दूलला, नको नेऊस. आण बाबांना. खालची खोली आहे, बाई मिळेल, मी आहे.' मग एकदम, 'तुझा आवाज असा का येतोय?'

सर्दी झालीय म्हटलं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही सांगितलं. सोबत कुणीतरी हवं.

दोन तिकिटं काढली, बाबांचं आणि माझं. शार्दूलने फोनवर विचारलं, 'तुझी परत यायची तारीख?'

'काढलेली नाही,' म्हटलं.