शेवटचं रीळ यायचंय

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची. हिर्डोशीहून भोर, तिथून भोंगवलीची गाडी, पुढं टेम्पो. अंगाचं पार भुसकट झालंय, पण मन खूश आहे. मानसिंगरावांच्या बंद थेटराचं मंगल कार्यालय व्हायचंय, आणि ते झाडून-पुसून लावायचं काम मला मिळालंय. मागं राहायला खोली, नळाला पाणी. अंगणवाडीत जन्म गेला, आता हा झाडू. असो. महिनाअखेरीस पुण्यात माझ्या लेकीचं, शेफालीचं बाळंतपण आहे. पहिलटकरीण पोर, घरात सासू नाही. त्याआधी पोचते, असं तिला कबूल केलंय.

५ फेब्रुवारी
थेटर म्हणजे पत्र्याची शेड. पुढं नुसती जमीन, मागं लोखंडी खुर्च्या. पूर्वीचे डोअरकीपर कुंडलिकतात्या रोज येतात, उभ्याउभ्याच भाकरी खातात आणि बोलतात लई. रिळं भोरहून एसटीनं यायची म्हणे. गाडीला उशीर झाला की मानसिंगरावांचे वडील पुढं येऊन सांगायचे, बसा, रीळ येतंय. खेळ संपला, घरी जावा, असं मालकानं म्हटल्याबिगर कुणी उठायचं न्हाई, असा इथला रिवाज. शेवटच्या खेळाला मालक असेच बसा म्हणून स्टँडवर रिळाचा डबा बघायला गेले, आणि तिथंच छातीत कळ येऊन खलास. मग लोकांना उठवलं कुणी, मी विचारलं. तात्या म्हणाले, कुणीच न्हाई. कटाळून गेले आपापले. पर मेल्यावर परत येऊन बसत्यात. मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चघळायला लागतंच.

९ फेब्रुवारी
गुडघे बोलायला लागले म्हणून दुपारी एका खुर्चीत टेकले. काय सांगू, मानेपासून टाचेपर्यंत सगळं सैल झालं. कित्येक वर्षांत अशी बसले नव्हते. उठले तेव्हा ऊन उतरलेलं. शेफालीचे फोन येऊन गेलेले, मला एकही ऐकू आला नाही.

१४ फेब्रुवारी
आजही बसले. शेजारी एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. गावातलीच कुणी असेल म्हणून विचारलं, कुणाच्या घरच्या? पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, येईल आता रीळ. पुढं बघितलं तर जमिनीवर डोकीच डोकी. उठताना पाय शिशाचे झाले होते.
तात्यांना सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. ती त्यांची मंडळी, धोंडाबाई, दिवाळीत गेलेली. बरी हाय का, एवढंच विचारलं आणि रडले. मग म्हणाले, बाई, तुमी परत बसू नगा, म्या बी बसत न्हाई. मी उद्याच पुण्याला निघते. काम गेलं खड्ड्यात.

१५ फेब्रुवारी
पिशवी भरली. किल्ली ठेवायला आत आले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, दुपारच्या गाडीला वेळ होता. पिशवी खाली ठेवली, जरा टेकले —

उठता येत नाही. वही तेवढी हातात आहे.

तारीख? बहुतेक १७
तात्यांनी दारातून हाका मारल्या. मी ओ दिली. त्यांची नजर माझ्यावरून सरळ पुढं गेली. मानसिंगराव म्हणाले, बाई पळाली. कुलूप लावलं —

पिशवीतला मोबाईल वाजून वाजून बंद पडला, हात पोचत नाही. पोर कळा देत असेल. एकटी. आणि मी —

भूक नाही. गुडघे दुखत नाहीत. बरं वाटतंय. भीती याचीच वाटते —

दार उघडलं. शेफाली! छातीशी दुपट्यातलं बाळ. म्हणजे सव्वा महिना उलटला, त्याशिवाय ती घराबाहेर पडली नसती. किती सुकलीय. आई, आई करत आत येतेय. मी ओरडतेय, तिला ऐकू जात नाही. मानसिंगराव फोनवर बोलत बाहेर गेले.
बसायला जागा बघतेय. ओढणीनं माझ्या बाजूची खुर्ची पुसतेय. धोंडाबाईंनी पाय आवरून तिला वाट दिली.
बसू नको गं, बाळाला घेऊन तशीच मागं —