आजोबा आणि सदाफुली

४ मार्च
लिहायचं टाळतोय. ही वहीही, आणि साहेबांनी सांगितलेलं ते पानभरही. आज बसलो तर पेन्सिलीला टोक नाही. टोक काढताना मुंग्यांची रांग दिसली, तिच्यामागे गेलो — तोवर जेवायची वेळ!

काम असं. आमच्या प्राणिबागेत कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक खवल्या मांजर आहे, महिन्याभरापूर्वी चोरट्यांच्या पोत्यातून सोडवलेलं. साहेबांना ते हलवून तिथे सदाफुलीचा वाफा हवाय. "दोघांची तुलना लिहून आण, समितीपुढे ठेवतो. बारावी झालायस ना?" अकरावीच. पण मान हलवली.

५ मार्च
सदाफुली: भिंतीच्या फटीतही उगवते. बारा महिने फुलते. कुणीही आलं की हसते. खवल्या मांजर: जगात थोडीच उरलीत, आणि आमचं तर असूनही दिसत नाही. माणूस आला की गोळा. लोक विचारतात, "हा काय, अननस?"

आणल्या दिवशी डॉक्टरांनीही गोळाच तपासला. वरवर टकटक करून म्हणाले, "नर आहे. म्हातारा." झालं! तेव्हापासून त्याचं नाव आजोबा.

६ मार्च
ताईचा फोन. "अजून किती गावं फिरणार? एका जागी रुजायला काय घेशील?" म्हटलं, सदाफुलीसारखं? तिने फोन आपटला.

८ मार्च
आजोबांनी खाणं सोडलंय. वारूळ खणून टोपलीभर वाळवी आणली, हाताची चाळण झाली. ढुंकून पाहिलं नाही! आणि साहेबांनी सोमवारचा ट्रक सांगूनही ठेवलाय. समिती बसायच्या आधीच. माळीकाका म्हणाले, "दुसऱ्या बागेपर्यंत हादऱ्यांनीच गचकेल रे तो. साळिंदराचं तेच झालं." साळिंदराच्या वेळी मी कुठेतरी बसगाड्या धूत होतो.

रागारागात लिहून काढलं एकदाचं: 'सदाफुलीला शेळीही तोंड लावत नाही, म्हणून ती सगळीकडे. याच्यामागे सगळं जग लागलं, म्हणून हा कुठेच नाही. चूक कुणाची, ते समितीने ठरवावं.'

साहेब म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं."

९ मार्च
समितीने वाफा मंजूर केला. चहा संपायच्या आत! साहेबांचं भाषण: "एकटा नर. पुढे वंश नाही. असल्याला पोसून काय करायचं?" साहेबांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. कुणी हसलं नाही. मी हसलो. आता माझीही रवानगी बहुतेक त्याच ट्रकमधून.

१० मार्च
काकांनी रोपं आणून ठेवलीत. सगळी हसतायत मेली!

११ मार्च, सोमवार
ट्रक फाटकाशी घरघरतोय. मी पिशवी भरत होतो, तर काका अनवाणी धावत आले — "अरे चल! तुझे आजोबा बाळंत झाले!"

खरंच! गोळ्याच्या घडीतून दुसरं एक शेपूट डोकावतंय. फिकं, मऊ. डॉक्टर कुणाच्याही नजरेला नजर न देता ड्रायव्हरला म्हणाले, "जा परत. बाळबाळंतिणीला हलवायचं नाही."